कर्मवीरांनी न दिलेली साक्ष

अवकाळी पाऊस नाहीतर गारपीट होऊन गेली की दोन-चार दिवसांत गावात पंचनाम्याची गडबड सुरू होते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे बांधावर येतात. (कागदोपत्री या पदांची नावं आता बदलली आहेत, पण गावच्या तोंडी अजून हीच आहेत.) नुकसान ३३ टक्क्यांच्या वर लिहिलं तर मदत मिळते, खाली लिहिलं तर मिळत नाही. म्हणजे सगळा खेळ एका आकड्यावर. मग कुणी कानाशी लागून सांगतो, आपल्या माणसाचं जरा बघा. कुणी सांगतो, त्या अमक्याचं शेत तर बघूच नका, निवडणुकीत तो कुठं होता ते आठवा. सही करणाऱ्याच्या हातात पेन असतं आणि डोक्यात दहा माणसांचे चेहरे असतात.

अशा वेळी काय करायचं, हे पदविकेच्या अभ्यासक्रमात नव्हतं आणि शासनाच्या परिपत्रकातही सापडत नाही. ते माणसांच्या चरित्रांत सापडतं. म्हणून आज एका चरित्राची ओळख करून देत आहे. नाव सर्वांना माहीत आहे : कर्मवीर भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून त्यांचा फोटो शाळाशाळांत लावलेला असतो. पांढरी दाढी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पण या फोटोतला माणूस तरुणपणी एका खोट्या साक्षीच्या प्रसंगातून गेला होता, आणि पुढे त्याने उभारलेल्या संस्थेचा पाया तिथेच पडला, हे फारसं सांगितलं जात नाही.

कुंभोज ते कोल्हापूर

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज येथे झाला. घराणे जैन शेतकऱ्याचे. मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते. त्यामुळे बदलीची नोकरी, आज या गावी तर उद्या त्या गावी. आई गंगाबाई. बदलीवाल्या कारकुनाच्या पोराचं शिक्षण जसं व्हायचं तसंच झालं, तुकड्यातुकड्यानं. अभ्यासापेक्षा पोहणं, कुस्ती आणि रानात भटकणं यांत मन जास्त. एका गावात अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून या पोराने विहिरीवरचा रहाट मोडून आत टाकला, अशी त्यांच्या लहानपणची गोष्ट सांगतात.

पुढील शिक्षणासाठी त्यांना कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये घातले. राहण्याची सोय जैन बोर्डिंगात झाली. बोर्डिंगचे चालक होते अण्णासाहेब लठ्ठे. लठ्ठे म्हणजे त्या काळचे मोठे विद्वान, समाजाचे पुढारी आणि शिस्तीचे कडक.

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आले की अंघोळ केल्याशिवाय जेवायला बसता येणार नाही. भाऊरावांनी अंघोळ करायला नकार दिला. माणसांच्या कार्यक्रमाला जाऊन आलो, त्यात विटाळ कसला, एवढंच त्यांचं म्हणणं. लठ्ठ्यांनी त्यांना बोर्डिंगातून काढून टाकले.

म्हणजे हातात ट्रंक आणि डोक्यावर छप्पर नाही. त्या वेळी आधार दिला तो राजर्षी शाहू महाराजांनी. भाऊरावांना राजवाड्याच्या आश्रयाने राहता आले. महाराजांची राहणी, त्यांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी काढलेली वसतिगृहे, शेतकऱ्याच्या पोराने शिकले पाहिजे हा त्यांचा ध्यास, हे सर्व त्यांनी जवळून पाहिले. परीक्षेच्या दृष्टीने मात्र गाडी इंग्रजी सहावीत अडली ती अडलीच. भाऊराव मॅट्रिकसुद्धा झाले नाहीत.

इथं वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, लठ्ठ्यांनी त्यांना घराबाहेर काढलं. दोन, शाहू महाराजांनी त्यांना जवळ केलं. पुढचा प्रसंग कळायला हे दोन्ही लागतं.

डांबराचं प्रकरण

१९१४ साली कोल्हापुरात एक प्रकरण घडले. ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला कुणीतरी रात्रीतून डांबर फासले. इंग्रजांचे राज्य, त्यात संस्थानचा कारभार. त्यामुळे ही गोष्ट साधी नव्हती. गुन्हेगार सापडला पाहिजे असा पोलिसांवर दाब आला. तोपर्यंत लठ्ठ्यांचे दरबाराशी बिनसले होते. संशयाचे बोट त्यांच्याकडे वळवण्यात आले. पण पुरावा हवा. पुरावा नसला की साक्षीदार शोधतात, आणि साक्षीदार नसला की तो तयार करतात.

असा तयार करण्याजोगा साक्षीदार म्हणून पोलिसांची नजर भाऊरावांवर गेली. हिशेब सरळ होता. या तरुणाला लठ्ठ्यांनी बोर्डिंगातून हाकललेलं आहे, म्हणजे मनात राग असणार. याच्यावर महाराजांचे उपकार आहेत, म्हणजे दरबाराला हवं ते बोलायला हा तयार होणार. राग आणि उपकार, दोन्ही बाजूंनी माणूस जाळ्यात आलेला. फक्त एवढंच सांगायचं होतं की लठ्ठ्यांचा यात हात आहे.

भाऊराव नाही म्हणाले. जे आपण पाहिलेले नाही ते पाहिले असे सांगणार नाही, या एका गोष्टीवर ते अडून बसले. मग त्यांनाच पकडण्यात आले. कोठडी झाली, छळ झाला. तो इतका असह्य झाला की त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. दैव बलवत्तर म्हणून वाचले. पण साक्ष दिली नाही ती नाहीच. अखेर त्यांची सुटका झाली.

मंडळी, जरा थांबून विचार करा. मित्रासाठी खोटं न बोलणं अवघड असतं, पण वैऱ्याविरुद्ध खोटं न बोलणं त्याहून अवघड. कारण वैऱ्याविरुद्धचं खोटं आपल्याला खोटं वाटतच नाही. त्यानं आपलं वाकडं केलेलं असतं, मग आपण थोडं वाकडं लिहिलं तर फिटंफाट झाली असं मनाला वाटतं. पंचनाम्याच्या यादीत निवडणुकीतल्या विरोधकाचं नाव गाळणारा असंच मनाला समजावत असतो.

भाऊरावांनी लठ्ठ्यांचा राग सोडला होता की नाही, हा प्रश्नच वेगळा. राग असू शकतो. त्यांनी तो साक्षीत उतरू दिला नाही, हे महत्त्वाचं. ज्यांच्यासाठी त्यांनी हे सोसले ते लठ्ठे पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले, १९३७ च्या मंत्रिमंडळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. आणखी एक गोष्ट. ज्या शाहू महाराजांच्या दरबाराशी त्यांचे बिनसले होते, त्याच महाराजांचे मोठे चरित्र याच लठ्ठ्यांनी इंग्रजीत लिहिले. आणि भाऊरावांनी, ज्यांच्या संस्थानच्या पोलिसांनी आपला छळ केला, त्या शाहू महाराजांचे नाव पुढे आपल्या वसतिगृहाला दिले. त्या पिढीतली ही माणसं भांडणं किती दिवस धरायची आणि कुठं सोडायची हे जाणत होती.

नांगर विकणारा मास्तर

भाऊराव साताऱ्यात शिकवण्या घेत. त्यामुळे लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. पुढे त्यांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते म्हणून काम केले. हा भाग आमच्या खात्याच्या माणसाला विशेष जवळचा वाटतो.

लोखंडी नांगर त्या वेळी नवीन होता. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. लाकडी नांगराने वरच्यावर खरवडलेल्या जमिनीत हरळी आणि कुंदा तसाच राहायचा. लोखंडी नांगर खोल जायचा, पण तो घेणार कोण? त्यासाठी गावोगाव फिरावं लागे, पारावर बसावं लागे, प्रत्यक्ष रानात चालवून दाखवावा लागे. आज आम्ही नव्या वाणाची नाहीतर ठिबकची प्रात्यक्षिकं घेतो, तसलंच हे काम.

या भटकंतीत त्यांना शेतकऱ्याचे घर आतून दिसले. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे ते वाचता येत नाही म्हणून जमीन गेलेली माणसे दिसली. अंगठा कशावर उठवला हेच ठाऊक नाही, अशी दिसली. नांगराने जमीन उलथता येते, पण माणसाच्या डोक्यातली हरळी उपटायला शाळाच पाहिजे, हे त्यांच्या मनाने तिथे घेतले. त्याआधीच, १९१० साली, मित्रांच्या साथीने त्यांनी दुधगाव येथे एक विद्यार्थी आश्रम सुरू करून पाहिला होता. ती वाट आता पक्की झाली.

पुढे साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. धंद्यात बस्तान बसण्याची ही चांगली संधी होती. परंतु नफ्यातील काही वाटा शिक्षणासाठी देण्यावरून दोघांत मोठा वाद झाला आणि भाऊराव बाहेर पडले. भाऊराव रागीट होते. तडजोड त्यांना सहज जमत नसे. त्यांच्या चरित्रातला हा भाग झाकून ठेवण्याचं कारण नाही. रागीट माणूसही सार्वजनिक काम स्वच्छ ठेवू शकतो, इतकंच यातून घ्यायचं.

रयतेची संस्था

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचाराचा भाऊरावांवर मोठा परिणाम होता. कऱ्हाड तालुक्यातील काले येथे सत्यशोधक मंडळी जमली असताना बहुजनांच्या मुलांसाठी शिक्षणसंस्था काढण्याचा विचार पुढे आला आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी तिथेच रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. रयत म्हणजे कुळवाडी, कष्टकरी प्रजा. नावातच मालक कोण ते सांगून टाकले. सुरुवात वसतिगृहाने झाली. १९२४ साली संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्याला आले.

साताऱ्याच्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, रामोशी अशी सर्व जातींची मुले एकत्र राहू लागली. एकत्र स्वयंपाक, एकत्र पंगत. आज हे साधं वाटेल. पण १९२४ साली एका पंगतीत हे घडवून आणायचं म्हणजे गावोगावच्या पुढाऱ्यांचा रोष पत्करायचा. ज्या एका अंघोळीवरून आपल्याला बोर्डिंग सोडावं लागलं, तो प्रश्न आपल्या बोर्डिंगात कुणाला पडूच द्यायचा नाही, असा तो बंदोबस्त होता.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यात आले असताना त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. जे आपल्याला आश्रमात साधले नाही ते इथे साधले, अशा अर्थाचे कौतुक गांधीजींनी केले असे सांगतात. १९३२ साली पुणे करारानंतर पुण्यात युनियन बोर्डिंग काढण्यात आले. १९३५ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. त्याच साली साताऱ्यात शिक्षक तयार करणारे विद्यालय निघाले. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तिथे मुलाला फी नव्हती, त्याऐवजी अंगमेहनत होती. माळ फोडायचा, दगड उचलायचे, विहीर खणायची, भाजीपाला पिकवायचा आणि शिकायचं. ज्याला कमवा आणि शिका योजना म्हणतात ती हीच. फुकट मिळालेल्या शिक्षणानं पोरगं लाचार होतं आणि विकत घेतलेलं शिक्षण गरिबाला परवडत नाही, यातून काढलेली ही तिसरी वाट होती.

घरातलं सोनं

इथं एका बाईचं नाव घेतलंच पाहिजे. लक्ष्मीबाई भाऊराव पाटील. चांगल्या खात्यापित्या घरातून आलेल्या, अंगावर भरपूर सोनं घेऊन आलेल्या, जुन्या सोवळ्याओवळ्याच्या वळणात वाढलेल्या. नवऱ्याने घरात निरनिराळ्या जातींची पोरं आणून ठेवली तेव्हा त्यांना ते जड गेलं. पण हळूहळू त्या साऱ्या पोरांच्या आई झाल्या.

वसतिगृहाला मदत अनियमित येई, भूक मात्र रोज दोन वेळा नियमाने येई. धान्य संपले की लक्ष्मीबाईंचा एकेक दागिना मोडला जाई. भाऊराव वर्गणीसाठी गावोगाव फिरत असताना एकदा कोठीत दाणा उरला नाही. अंगावर दुसरे काही शिल्लक नव्हते. तेव्हा त्यांनी मंगळसूत्र देऊन मुलांच्या जेवणाची सोय केली. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. संस्थेचा वटवृक्ष झालेला पाहायला त्या राहिल्या नाहीत.

ही गोष्ट सभांतून सांगितली की लोक टाळ्या वाजवतात. मला मात्र दर वेळी वाटतं की टाळ्या वाजवण्याआधी जरा गप्प बसावं. सार्वजनिक कामात एक माणूस सरळ वागायचं ठरवतो, तेव्हा त्याची किंमत पुष्कळदा घरातलं दुसरंच माणूस भरत असतं. भाऊरावांच्या मोठेपणाच्या खात्यात लक्ष्मीबाईंची जमा किती आहे, हे मांडल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. मात्र एक गोष्ट स्पष्ट दिसते. या घरात सोन्याची वाट घरातून संस्थेकडे जाणारी होती. आपल्याकडच्या कित्येक सोसायट्यांत, पतपेढ्यांत ती उलट्या बाजूने वाहताना आपण पाहिली आहे. संस्था बुडते आणि संचालकाच्या वाड्यावर मजला चढतो. रस्ता एकच, फरक दिशेचा.

मूठभर धान्य

संस्थेसाठी पैसा उभा करायचा तर राजेरजवाड्यांकडे जावं लागे, तसे ते गेलेही. पण भाऊरावांचा खरा भरवसा मुष्टिफंडावर. मुष्टिफंड म्हणजे घरातल्या बाईनं दळण काढताना मूठभर धान्य बाजूला ठेवायचं. आठवड्याला, महिन्याला ते गोळा व्हायचं आणि बोर्डिंगात जायचं. ज्या घरात स्वतःलाच पोटभर नाही त्या घरातलीही मूठ त्यात असे.

यात पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे. ज्या बाईनं मूठ दिली तिला वाटतं, ही शाळा माझी आहे. आणि ज्याच्या हातात ती मूठ आली त्याला ठाऊक असतं की हा दाणा कुणाच्या ताटातून आला आहे. शासनाचं अनुदान आपल्याला कागदावरचा आकडा म्हणून दिसतं. तो आकडाही कुठेतरी कुणाची तरी मूठच असतो. पण मधे इतकी टेबलं येतात की ती मूठ दिसेनाशी होते. भाऊरावांची पद्धत अशी होती की ती मूठ डोळ्यांआड होऊच द्यायची नाही.

नाव कुणाचं लावायचं

जून १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. स्वातंत्र्य दोन महिन्यांवर आलेले. शेतकऱ्याच्या पोराला पुण्या-मुंबईला न जाता कॉलेजचे तोंड दिसू लागले. पण कॉलेज म्हणजे खर्च. इमारत, प्राध्यापक, प्रयोगशाळा, ग्रंथालय. आणि तिजोरीत नेहमीचाच खडखडाट.

सातारा भागात एक हकिकत सर्वतोंडी आहे. एका धनिकाकडून मोठ्या देणगीची तयारी दाखवण्यात आली. अट एकच, कॉलेजचे नाव बदलून देणगीदाराच्या इच्छेचे नाव द्यायचे. पैसा तर हवाच होता. भाऊरावांनी कळवले की एक वेळ आपल्या वडिलांचे नाव बदलू, पण कॉलेजला दिलेले शिवाजी महाराजांचे नाव बदलणार नाही. देणगी गेली, नाव राहिले.

संस्थेच्या इतर मोठ्या शाखांची नावे पाहा. शाहू, सयाजीराव, कऱ्हाडच्या कॉलेजला सद्गुरू गाडगे महाराज, अध्यापक महाविद्यालयाला आझाद. ज्या माणसाने संस्था उभी केली त्याने आपल्या हयातीत या मोठ्या शाखांना स्वतःचे नाव लावून घेतले नाही. आजकाल समाजमंदिराच्या पायाभरणीआधी कोनशिला तयार असते आणि तिच्यावर कुणाचं नाव कितव्या ओळीत यावरून मारामाऱ्या होतात. म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

अनुदान थांबलं

भाऊरावांची सर्वांत अवघड परीक्षा मात्र स्वातंत्र्यानंतर झाली, आणि ती आपल्याच लोकांच्या सरकारात झाली. डोंगरी, आडवळणी गावांत, जिथे कुठलीच शाळा नव्हती अशा ठिकाणी, संस्थेने शेकडो व्हॉलंटरी शाळा चालवल्या होत्या. त्यांचा बराच भार सरकारी अनुदानावर होता. भाऊरावांची जीभ मात्र कुणाची भीड ठेवणारी नव्हती. सरकारचे चुकले असे वाटले की ते सभेत बोलून दाखवत. १९४८ च्या सुमारास सरकारची मर्जी फिरली आणि संस्थेचे अनुदान थांबले.

आता खरा पेच उभा राहिला. तरुणपणी साक्ष नाकारली तेव्हा सोसायचं ते त्यांचं त्यांना सोसावं लागलं होतं. आता शेकडो शाळांतले शिक्षक आणि हजारो पोरं यांचं सोसणं पुढे आलं. नमतं घेऊन चार गोड शब्द बोलावेत तर अनुदान सुरू होणार. न बोलावेत तर मास्तरांच्या घरची चूल थंड. संस्था चालवणाऱ्या माणसाला स्वतःच्या ताठ मानेसाठी दुसऱ्याच्या पोटावर पाय देण्याचा हक्क आहे का? प्रश्न सोपा नाही. ज्यांनी कधी दहा माणसांचा पगार वाटला आहे त्यांना तो विचारून बघा.

भाऊराव सत्तेपुढे वाकले नाहीत, पण शाळांना टाळेही लावले नाही. ते पुन्हा रयतेकडे गेले. आणि या वेळी एक फाटक्या चिंध्यांचा माणूस त्यांच्यासाठी उभा राहिला. गाडगे महाराज. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला. हातात मडकं आणि खराटा घेऊन फिरणाऱ्या या साधूला स्वतःसाठी काही मागायचं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. अनुदान पुन्हा सुरू झाले. पुढे कऱ्हाडला १९५४ साली कॉलेज निघाले त्याला गाडगे महाराजांचे नाव का, हे यावरून कळेल.

माझ्या मते इथं एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. प्रामाणिक माणसाला एकट्यानं लढून चालत नाही. त्याच्या बाजूनं बोलणारं, पण स्वतःला काही नको असलेलं दुसरं माणूस लागतं. गावात असा एखादा म्हातारा असतो. ग्रामसभेत तो उठून उभा राहिला की सगळे गप्प होतात. अशा माणसाला जपावं. सरळ वागणाऱ्या सरपंचाची, ग्रामसेवकाची ती खरी ताकद असते.

अखेर

संस्था आपल्यामागे चालली पाहिजे म्हणून भाऊरावांनी माणसे तयार केली. बोर्डिंगात वाढलेली पोरे शिकून पुन्हा संस्थेत आली, कमी पगारावर आयुष्यभर राबली. विलायतेला जाऊन बॅरिस्टर झालेले पी. जी. पाटील हे त्यांच्यापैकीच एक. वकिलीत पैसा होता, तरी ते संस्थेच्या कामाला आले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या संस्थेचा चालक स्वतः झिजतो तिथंच अशी माणसं टिकतात. चालकच ओरबाडणारा असेल तर हाताखालचा झिजेल कशाला?

१९५९ साली पुणे विद्यापीठाने मॅट्रिक न झालेल्या या माणसाला डी. लिट. पदवी दिली. त्याच वर्षी भारत सरकारने पद्मभूषण दिले. आणि त्याच वर्षी, ९ मे १९५९ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. आज संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत. हे लिखाण वाचणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरातला पहिला सही करणारा माणूस तिथंच शिकलेला असेल.

सहीवरूनच सुरुवात केली होती, तिथंच येतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका गावी नुकसानीच्या यादीवर मी चावडीत बसूनच सही केली होती. उन्हाचा कडाका होता, यादी तयार होती, चहा समोर आला होता, आणि सगळं बरोबर आहे असं चार जाणत्यांनी सांगितलं. महिन्याभरानं ओढ्यापलीकडच्या एक बाई कार्यालयात आल्या. एकट्या शेती बघणाऱ्या. त्यांचा गहू पार झोपला होता आणि यादीत त्यांचं नाव नव्हतं. नाव का नव्हतं ते गावाला ठाऊक होतं; त्यांच्या भावकीचं आणि यादी करणाऱ्यांचं पटत नव्हतं. खालची सही माझी होती. मी कुणाकडून पैसा घेतला नव्हता, कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. मी फक्त जे पाहिलं नव्हतं ते पाहिलं असं लिहिलं होतं. त्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या कागदाकडे बघत राहिल्या. त्या वर्षीची मुदत संपून गेली होती.

पुढं भाऊरावांचं चरित्र वाचताना डांबर प्रकरणाच्या पानावर मी थबकलो तो यामुळं. त्यांच्यापुढं कोठडी होती, माझ्यापुढं नुसतं ऊन. त्यांनी नाकारलं तेच मी चहाच्या कपाबरोबर करून मोकळा झालो होतो.

तेव्हापासून एक नियम केला आहे, आणि माझ्या सहकाऱ्यांना व गावच्या कारभाऱ्यांनाही तो सुचवतो. बांधावर गेल्याशिवाय सही नाही. यादी चावडीवर वाचून दाखवल्याशिवाय पुढं पाठवायची नाही. ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याचं शेत सगळ्यांत आधी बघायचं, कारण चूक होण्याचा संभव तिथं जास्त. आणि जो आपला जवळचा आहे त्याचं मोजमाप दुसऱ्याला करायला लावायचं. शेतकरी बंधूंनीही एवढं करावं : आपलं नाव यादीत आहे का, एवढंच बघून परत फिरू नये. ओढ्यापलीकडचं कोण राहिलं, तेही बघावं.